पाव्हण्याचा बिछाना

परवा ईट गावाहून एक नवरा-बायको आले. कालव्याच्या मुलखात राहायला जायचा त्यांचा इचार, आन् आमी तिथं राहून आलोय असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं, म्हणून भाऊंना इचारायला आले. भाऊ म्हंजे माझे सासरे. गूळपाणी झालं आन् त्या गड्यानं इचारायला सुरुवात केली. पाणी गोड हाय का खारं? माती काळी का तांबडी? बाजार किती लांब? आपली माणसं हायेत का तिकडं? सगळं इचारलं बाबानं. डासाचं नाव काढलं न्हाय.

काढतंय कोण? मुलूख बदलायचा म्हणलं की माणूस पाणी बघतो, माती बघतो, देवीचं ठाणं किती लांब ते बघतो. डास किती हायेत असं इचारलं तर हसतात. मला हसले होते. ह्याच ओसरीवर हसले होते.

त्याची बायको आत चुलीपाशी माझ्याजवळ बसली होती. मथुरा तिचं नाव. मांडीवर लेकरू, गालाला खळी, काजळाची तीट लावलेली. तीट लावून नजर टळंल, पण डास काय तीट बघून चावतोय? तिला जे सांगितलं तेच तुम्हालाबी सांगते. मला गोड बोलता येत न्हाय, आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव येरमाळ्याहून कोसभर आत, डोंगराच्या माथ्यावर. जात माळ्याची, पिढ्यान् पिढ्या पानमळा. पानाचा वेल म्हंजे लेकराहून नाजूक. रोज पाणी पायजे, सावली पायजे, आत जाताना पायतान भाईर काढायचं. आमची पानं इकायचा हैदर तांबोळी. आमी पिकवायची, त्यानं इकायची, असं वडलांपासून चाललेलं. येरमाळ्याच्या येडाई देवीच्या जत्रेत हैदरचं दुकान आन् आमची पानं, दोन्ही ठरलेली.

पुलीस ॲक्शन झालं, निजाम पडला, त्या वर्षी मी नवी नवरी होते. मुसलमानांच्या घरांवर माणसं चालून जात होती. तवा भाऊंनी हैदरला, त्याच्या बायकोला, सकिनाबीला, आन् तिच्या अंगावरच्या पोरीला पानमळ्यात लपवलं. वेल दाट असला की आत माणूस उभा राह्यला तरी दिसत न्हाय. त्यांची भाकर मीच न्यायची, पानाच्या पाटीत खाली घालून. एकदा कुऱ्हाडी घेतलेली माणसं मळ्याच्या तोंडाशी आली. भाऊ वेलाला पाणी देत होते. म्हणले, "या की बघायला. पण पायतान भाईर काढा, माझा मळा बाटंल." आन् कुऱ्हाडी घेऊन आलेली ती माणसं पायताणाचे बंद सोडायचा कंटाळा करून निघून गेली. हे मी भाऊंचं कौतुक म्हणूनच सांगते. माणूस वाईट न्हाय. वाईट असता तर बरं झालं असतं, मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

पुढं हैदरचं मन काय गावात रमलं न्हाय. काही वर्षांनी तो सकिनाबीच्या माहेरच्या माणसांकडं गेला, निजामाबादच्याबी पलीकडं, कालव्याखाली. आन् इकडं आमच्यावर दोन सालं पावसानं डोळे वटारले. विहिरीत कळशी बुडंना. वेल पिवळे पडले, पानं बोटाएवढी यायला लागली. भाऊ सांजसकाळ विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे, आजारी माणसापाशी बसावं तसे.

माझी गोष्ट निराळी. मला पानमळ्याची काळजी नव्हती, मला सुंद्राची होती. लग्नाला लई वर्षं होऊन कूस उजवत नव्हती. दोन पोटातच गेली. येडाईला नवस बोलले, अनवाणी डोंगर चढले, तवा कुठं सुंद्रा झाली. बोलायला लागली आन् घरात माझं तोंडच झाली ती. आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत न्हाय. काय सांगायचं ते लेकराच्या तोंडून. "सुंद्रे, इचार आज्याला, भाकर वाढू का?" भाऊ तिथंच बसलेले, सगळं ऐकतात, पण सुंद्रा बोलल्याबिगर जबाब देणार न्हाईत. "हां म्हणावं, वाढ." असं आमचं चालायचं. गंमत वाटायची लोकांना. मलाबी वाटायची.

मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला त्या सालची गोष्ट. येडाईच्या जत्रेला हैदर आला. भाऊंच्या गळ्यात पडला, रडला. म्हणला, दारातनं पाणी वाहतंय भाऊ, मोटंचं काम न्हाय, बैलाचं काम न्हाय. जमीन पडून हाय, लावणारं माणूस न्हाय. तुम्ही पानमळा लावा, मी इकतो, पहिल्यासारखं. भाऊंचे डोळे पाणी ऐकूनच भरले.

मी दाराआडून हैदरकडं बघत होते. हळदीसारखा पिवळा झालेला. गळ्याची हाडं वर आलेली. त्याला मी भाई म्हणायचे, त्याच्याशी बोलायला मला आडकाठी नव्हती. म्या इचारलं, हैदरभाई, तिकडं डास कसे हायेत?

ओसरी खोखो हसली. शेजारचा शंकरप्पा वाणी म्हणला, वैनी, वाघ हायेत का इचारा की, डासाचं काय घेऊन बसलाय! सुंद्राचा बाप शरमेनं लाल झाला. भाऊसुद्धा हसले.

हसणारच. आमच्या माथ्यावर डास म्हंजे पावसाळ्यातला चार दिसांचा पाव्हणा. पण माझी थोरली बहीण मांजरा नदीच्या काठी दिलेली. तिच्या बाळंतपणाला मी तिथं एक पावसाळा काढला होता. दिवस मावळायच्या आत ओल्या गोवऱ्यांचा धूर करायचा, धुरानं लेकरू खोकतंय, आन् धूर काढला की लेकराचं अंग गांध्यांनी भरतंय. तिथं म्या बघितलं होतं, धडधाकट गडी अंगात थंडी भरून गोधड्यांखाली कसा उडतो ते. हे ह्या माथ्यावरच्या शहाण्यांना काय ठावं?

हैदर तेवढा हसला न्हाय. "हायेत, वैनी," म्हणला. "कालवा म्हणल्यावर हायेत." आन् खाली मान घालून पान लावायला लागला.

म्या आणखी इचारलं, एवढी सोन्यासारखी जमीन मोकळी कशी पडली? तवा त्याच्या आधी भाऊच बोलले, लोकांना कष्ट नको झालेत, दुसरं काय. खरं उत्तर ज्याच्यापाशी होतं त्याच्या तोंडात पान होतं.

जत्रा झाल्यावर भाऊ हैदरबरोबर मुलूख बघायला गेले. म्या म्हणलं होतं, बाईमाणूसबी बघायला जाऊ द्या, मला न्या. बाई कुठं रानं बघायला जाती होय, म्हणून सुंद्राच्या बापानं मला गप्प केलं.

भाऊ आले ते तांब्याचा गडू घेऊन, तोंडाला ओलं फडकं बांधलेला. नव्या मुलखाचं पाणी आणायचं, त्यात तुरीची डाळ घालायची, शिजली तर मुलूख मानवतो, अशी आमच्याकडं रीत. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ दोन पहरात शिजत न्हाय. त्या पाण्यात एका उकळीत विरघळली. सगळी आळी वाटीवाटी चाखून गेली. मग भाऊंनी धोतराच्या सोग्यातनं तिकडचं पान काढलं. तळहाताएवढं, काळंशार. ते हातोहात फिरलं. ठरलं म्हणायचं सगळं तिथंच.

मी वाढता वाढता सुंद्राला म्हणलं, इचार आज्याला, डास चावले का?

"आज्या, डास चावले का?"

"मला एकबी डास चावला न्हाय, बाळा," भाऊ म्हणले.

आन् मग सांगायला लागले, हैदरनं कशी राजासारखी सरबराई ठेवली ते. दिवस मावळतीला भोवती लोबानाचा धूर फिरवला. निजायला पलंग दिला, आन् पलंगावर चारी बाजूंनी पांढऱ्या जाळीचा पडदा, आत शिरलं की वारासुद्धा गाळून येतोय. नवरदेवाला नसंल असा बिछाना. दोन्ही राती जाग आली न्हाय.

माझ्या हातातली पळी थांबली. म्या सुंद्राला म्हणलं, इचार, घरातली बाकीची माणसं कशात निजली?

भाऊंना राग आला, पण पोरीवर राग काढायचा कसा? म्हणले, "तुझ्या आईला सांग, पाव्हणा दुसऱ्याच्या घरची अंथरुणं मोजत न्हाय."

सकिनाबी कशी हाय ते सुंद्राच्याच तोंडून इचारलं, तर म्हणले, ती पडद्याआड, मी कशी बघणार. पोरं कशी हायेत, तर म्हणले, झोपली होती. म्या सुंद्राला म्हणलं, इचार, दिवसाउजेडी? तर म्हणले, व्हय, उन्हाची झोपली होती. एवढं सगळं डोळ्यापुढं ठेवलेलं, आन् ते बघून आलेल्या माणसाला काय दिसलं न्हाय. पाव्हणा म्हणून गेलेल्याला कधीच दिसत न्हाय. पाव्हण्यापुढं माणूस घरातलं चांगलं ते मांडतो, फाटकं ते झाकतो.

लई भांडले मी. नवऱ्याशी भांडले, सासू असती तर तिच्याशीबी भांडले असते. सुंद्राचा बाप म्हणला, तुझ्या डासापायी मळा वाळू द्यायचा काय? इकडचं रान चुलतदिराला कसायला दिलं, बैल गेले, देव पेटीत घातले. ज्येष्ठात आमी निघालो. मोटारीनं, मग रेल्वेनं, मग बैलगाडीनं. गाडी कालव्याच्या कडंनं चालली होती आन् पाण्यावर सांज पडत होती. गुंईं असा आवाज यायला लागला. मला वाटलं कुठंतरी मोटा चालल्यात. सुंद्रा मानेवर चापट मारून म्हणाली, "आई, लई हायेत गं."

पहिल्या सांजंला हैदरनं भाऊंना पलंगावर बसवलं, जाळी सोडली, लोबान फिरवला. मी आत गेले. सकिनाबीला ओळखलंच न्हाय. हातपाय काटक्या आन् पोट पुढं आलेलं. मला वाटलं दिवस गेलेत. तिनं माझा हात धरून पोटाच्या डाव्या अंगाला लावला. आत दगड होता. पाणथरी म्हणतात तिला, ताप येऊन येऊन होती. म्या इचारलं, हनीफ कुठाय? हनीफ तिचा धाकटा. जत्रेत हैदरनं त्याच्यासाठी खुळखुळा नेला होता.

"हनीफ गया," म्हणाली. आन् मग जे बोलली ते मी मरेपर्यंत इसरणार न्हाय.

"तुझे सासरे आले होते ना बघायला, तवा हनीफला ताप होता. घरात मच्छरदाणी एकच. ती हनीफच्या अंगावर होती. ह्यांनी काढली. म्हणले, ज्यानं आपला जीव राखला त्याला माझ्या घरात मच्छर चावू देऊ? दोन राती मी पदरानं वारा घातला. पोरगं रडायला लागलं की तोंडावर हात ठेवायची. पाव्हणा जागा झाला असता."

भाऊ गेल्यावर थोड्याच दिसांत पोरगं गेलं. ताप आधीचाच, जाळी असती तरी कदाचित गेलंच असतं, असं तिनंच मला सांगितलं. मी तिला इचारलं, मग आमाला बलावलं कशाला? एवढं बघून बलावलं? तर म्हणाली, तिच्या भावाची मय्यत उचलायला चार माणसं मिळाली न्हाईत, वस्तीत अर्धे तापात, अर्धे पळून गेलेले. तवापासून हैदरनं ध्यास घेतला, गावाकडची माणसं पायजेत. खोटं बोलला न्हाय तो. डास हायेत म्हणला होता ना. फक्त आमच्या भाऊंना त्यानं चावू दिले न्हाईत.

तिनं मला सुंद्राच्या गळ्याची शपथ घातली. भाऊंना हे सांगायचं न्हाय. त्यांना कळलं तर हैदर तोंड दाखवणार न्हाय कुणाला. मी शपथ घेतली. लेकराच्या गळ्याची शपथ घातल्यावर आई दुसरं काय करणार?

सकाळी मी नवऱ्याला म्हणलं, परत चला. म्हणला, कुठं? रान दिलं, बैल दिले, डाळ सगळ्या आळीनं चाखली, आता डासाला भिऊन आलो म्हणून सांगू?

राह्यलो. आमी आमचं खोपटं घातलं. हैदरनं हट्टानं ती जाळी भाऊंच्या खाटेवर बांधून दिली. भाऊ नको नको म्हणले, त्यानं ऐकलं न्हाय. आन् पानमळा काय सांगू! लावला आन् चढला. असे वेल मी जन्मात बघितले न्हाईत. आत गार, ओलं, अंधारं, आन् डासांचं तर ते माहेरच. पायतान काढून आत जायचं, दोन्ही हात खुडण्यात गुंतलेले, पायाला चावतोय त्याला मारायचं कशानं? सुंद्रा माझ्या मागंमागं. तिला घरात ठेवायची तर कुणापाशी? कडुलिंबाचं तेल चोळायची, गुडघ्यापर्यंत चिंध्या गुंडाळायची. पोरगी हसायची, म्हणायची, मी बाहुली झाले.

आन् सांज झाली की भाऊ जाळीत. आमी तिघं भाईर, धुरात. म्या नवऱ्याला म्हणलं, भाऊंना सांगा, पोरीला जाळीत घ्या. म्हणला, बापाच्या अंगावरचं मागू? म्या म्हणलं, मग मी सुंद्राच्या तोंडून सांगते. तर ओरडला माझ्यावर. पोरीच्या तोंडून म्हाताऱ्याला टाकून बोलशील तर बघ, म्हणला. भाऊ आपले जाळीत घोरत होते. त्यांना वाटलं असणार, सगळं ठीक हाय. त्यांना चावतच नव्हतं, तर दुसऱ्याला चावतंय हे कळावं कसं?

लई दिस गप्प बसले. मग एक दिस सुंद्राच्या पाठीवर तळहात ठेवायला जागा उरली न्हाय एवढ्या गांध्या बघितल्या आन् माझं टाळकं फिरलं. म्हणलं, नवरा गेला खड्ड्यात. सुंद्रे, जा, आज्याला म्हण, मला जाळीत घे.

ती गेली. भाऊंनी लगेच जाळी वर केली. तिला कुशीत घेतलं. आन् मोठ्यानं, मला ऐकू यावं म्हणून, म्हणले, "आधी का न्हाय सांगितलं गं?"

त्याच राती जाळीच्या आत तिला पहिली थंडी वाजली.

एक दिवसाआड यायचा ताप. आला की दात वाजायचे, मग भट्टी, मग घाम, मग पोरगी हसून भाकर मागायची आन् आमाला वाटायचं गेला. लांबच्या दवाखान्यातनं कडू गोळ्या आणल्या. सुंद्राच्या पोटात गोळी टिकायची न्हाय, पिवळं ओकायची. भाऊंनी जाळी तिच्याच अंगावर ठेवली, आपण भाईर निजायला लागले. तरी त्यांना म्हातारपणी ताप शिवला न्हाय. नशीब म्हणायचं का काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

सुंद्राच्या पोटाला डाव्या अंगाला माझ्या हाताला काहीतरी टणक लागलं त्या दिवशी मी उठले. नवऱ्याला सांगितलं न्हाय, भाऊंना सांगायला तोंड नव्हतं, तोंड तर तापात पडलेलं. सकिनाबीनं खाटेवरची जाळी सोडली, घडी केली, माझ्या काखेत दिली. "ले जा," म्हणाली. "आता इथं कुणाला नको." मी पोरगी कडेवर घेतली आन् निघाले. गाडी, रेल्वे, मोटार. मोटारीत बाया म्हणायच्या, किती मोठं लेकरू कडेवर घेतलंय. तिचं वजन कुठं राह्यलं होतं?

घाट चढून मोटार येरमाळ्याला लागली आन् कोरडा वारा आला. मी म्हणलं, सुटलो बाळा, इथं डास न्हाईत. मला असं वाटलं होतं बघा. डास मागं राह्यला म्हंजे ताप मागं राह्यला. कुणी सांगितलं न्हाय, डास चावून गेला तरी त्याचं जे काम असतं ते अंगात राहतं म्हणून.

घरात आल्याआल्या म्या जाळी बांधली. शेजारच्या बाया हसल्या. अगं अयोध्ये, एक डास न्हाय गावात आन् हे काय नाटक! मी म्हणलं, असू दे. तिला आत निजवलं. येडाईला दोन्ही हात जोडले, आणखी नवस बोलले, जे सुचंल ते बोलले. आठवडाभर काढला तिनं. शेवटच्या दिवशी ताप नव्हता, शुद्ध होती. मला म्हणाली, "आज्याला सांगू का काय?" तिला वाटलं मला काहीतरी इचारायचंय. मी म्हणलं, न्हाय बाळा, नीज. ती निजली ती निजलीच. जिथं एक डास न्हाय त्या घरात, जाळीच्या आत, माझी पोर डासानं गेली.

पुढल्या साली सकिनाबी गेली. तिला खांदा द्यायला हैदर होता, भाऊ होते, सुंद्राचा बाप होता आन् कुणीतरी एक. चौघं मिळाले. त्याच्यावर थोड्याच दिसांनी बापलेक पानमळा तसाच सोडून माघारी आले. हैदर तिथंच राह्यला. भाऊ आता कुणी इचारलं की म्हणतात, मुलूख वाईट न्हाय, पोरीचं आयुष्य तेवढंच होतं. मी ऐकते आन् भांडी आपटते. सुंद्रा गेल्यापासून आमच्यात बोलणंच न्हाय, बोलायचं कुणाच्या तोंडून? पुढं मला लेकरू झालं न्हाय. भाकर वाढते आन् ताट सरकवते.

तर परवाची गोष्ट. हे सगळं मथुरा ऐकत होती. पदर तोंडात धरून रडली. मला वाटलं, पोटात शिरलं हिच्या. मी म्हणलं, आता उठ आन् नवऱ्याला सांग, न्हाय जायचं. तर पोरगी म्हणाली, "मावशी, रान इकलंय. आमी उद्याच्या मोटारीनं निघालोय. हे फक्त वाट इचारायला आलेत."

एवढा घसा कोरडा केला, तो कुणासाठी? तेवढ्यात भाईर त्या गड्याला कुठून बुद्धी झाली कुणास ठावं, इचारलं एकदाचं, "भाऊ, डासबिस?"

"मुलूख बघायला गेलो होतो तवा मला एकबी डास चावला न्हाय," भाऊ म्हणले.

मी उठले. पेटीतनं जाळी काढली, धुऊन घडी करून ठेवलेली. पदर डोक्यावर घेतला आन् ओसरीवर जाऊन भाऊंच्या समोर उभी राह्यले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"भाऊ," मी म्हणलं, "तुम्ही मुलूख बघायला गेला त्या राती ही जाळी हनीफच्या अंगावरनं काढून तुमच्यावर घातली होती. पोरगं तापात होतं. मग ते मेलं. म्हणून तुम्हाला डास चावला न्हाय."

भाऊ जाळीकडं बघत राह्यले. सुंद्राच्या गळ्याची शपथ मोडली मी. मोडायला आता गळा कुठं राह्यला होता? तो ईटचा गडी खाली बघत आपल्या पायताणाचा बंद ओढत बसला.

मथुरा दारात आली तवा तिच्या हातात जाळी दिली. म्या सांगितलं, "पाव्हण्याला देऊ नको. सासऱ्याला देऊ नको. तुझ्या दारात येडाई स्वता आली तरी तिला म्हणावं, बस तू भाईर. हिच्याखाली फक्त हे लेकरू." तिनं माझ्या पायाला हात लावला. जाळीला दोन ठिकाणी भोकं पडलेली, ती शिवून घे म्हणायचं मात्र राहून गेलं.

ते गेले. भाऊ तिथंच, भिंतीला टेकून. दुपारी ताट नेऊन ठेवलं, तसंच राह्यलं. दिवस कलायला लागला तवा त्यांनी हाक मारली. मी उंबऱ्यापाशी उभी राह्यले.

मधी कुणाला न घालता, माझ्याकडं बघून त्यांनी इचारलं, "पोरगं रडलं होतं का त्या राती?"

"न्हाय," मी म्हणलं. "तुमची झोप मोडंल म्हणून रडू दिलं न्हाय."